फ्रान्समधील मोटारविरहित सायकलमार्ग : कालवाकाठ आणि जुन्या लोहमार्गांचा वारसा

प्रस्तावना :
फ्रान्सच्या नैऋत्य भागात गारोन नदीला समांतर वाहणाऱ्या कालव्याच्या काठाने सायकलवरून प्रवास करणाऱ्यास मैलोगणती चढ लागत नाही. एका बाजूस संथ पाणी आणि काठाने चिनाराच्या कुळातील प्लेन वृक्षांच्या रांगा असतात. मोटारींची वर्दळ तेथे नाही. पर्यटनविषयक लेखनात अशा मार्गांचे श्रेय बहुधा सपाट भूमीला आणि अलीकडच्या पर्यावरणविषयक जाणिवेला दिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. हे मार्ग सायकलसाठी बांधले गेलेच नाहीत. त्यांचा सपाटपणा बव्हंशी मानवी श्रमाने निर्माण केलेला आहे; आणि ते आज सलग उरले याचे मोठे कारण जमिनीच्या मालकीत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा विचार केला आहे.

नाव ओढण्याची वाट :
इंजिनपूर्व काळात कालव्यातील नाव घोडे किंवा माणसे दोरखंडाने काठावरून ओढत असत. त्यासाठी पाण्याला लागून अखंड वाट ठेवणे अपरिहार्य होते. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, कॉल्बेरच्या प्रशासनकाळात निघालेल्या १६६९ च्या राजाज्ञेने नौकानयनयोग्य नद्यांच्या काठी घोड्यांसाठी २४ फूट रुंदीची जागा मोकळी सोडण्याचे बंधन जमीनधारकांवर घातले. नदीकाठी जमीन खासगीच राहिली, तिच्यावर केवळ वहिवाटीचा भार आला. खोदलेल्या कालव्यांच्या बाबतीत मात्र काठासह संपूर्ण पट्टाच एका मालकीचा झाला आणि कालांतराने बहुतांशी सार्वजनिक मालमत्तेत आला. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

पाण्याला चढ चालत नाही. म्हणून कालव्याचा सारा चढ दारांच्या जलपाशांत एकवटलेला असतो आणि दोन जलपाशांमधील वाट पाण्याइतकीच समतल राहते. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा मिदी कालवा समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरील नोरूझची जलविभाजक खिंड ओलांडतो. तरी काठाने जाणाऱ्यास ती उंची जेमतेम जाणवते. पिएर-पॉल रिके यांच्या योजनेला १६६६ मध्ये राजमान्यता मिळाली, १६८० मध्ये त्यांचे निधन झाले आणि १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. रिके यांनी एका वेळी बारा हजारांपर्यंत मजूर कामावर ठेवले होते. त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांना मासिक वेतन मिळे आणि रविवार व पावसाचे दिवसही भरून दिले जात. सतराव्या शतकात ही गोष्ट खचितच असाधारण होती.

सर्वच कालव्यांचा इतिहास इतका उदार नाही. इंग्रज आरमाराच्या नाकेबंदीवर उपाय म्हणून नेपोलियनच्या काळात ब्रिटनीत नांत ते ब्रेस्त हा कालवा हाती घेण्यात आला. त्यावरील ग्लोमेलची प्रचंड खोदाई १८२३ ते १८३२ या काळात शिक्षा झालेल्या कैद्यांकडून करून घेतली गेली. आज तेथून सायकलस्वार सावलीतून निवांत जातो. रिके यांचे नाव सर्वतोमुखी आहे. ग्लोमेलला माती वाहणाऱ्यांचे तसे नाही. मार्गाचा 'वारसा' म्हणून गौरव करताना ही विषमता नजरेआड करणे योग्य होणार नाही, असे वाटते.

रेल्वेचे आगमन आणि सायकल :
गारोनचा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी बोर्दो ते सेत हा लोहमार्ग तयार झाला. १८५८ मध्ये मिदी कालवा चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याच रेल्वे कंपनीकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच हाती, सोपविण्यात आला! कालव्याच्या वाहतुकीचे काय झाले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १८७९ च्या फ्रेसिने योजनेने कालव्यांच्या जलपाशांचे माप प्रमाणित केले, तसेच हजारो किलोमीटरचे नवे स्थानिक लोहमार्ग मंजूर केले. त्यांपैकी पुष्कळ मार्ग विसाव्या शतकात मोटारींच्या स्पर्धेमुळे बंद पडले.

सायकल-पर्यटन मात्र या साऱ्यापासून अलिप्त वाढले. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द विवी यांनी १८८७ मध्ये सेंत-एत्येन येथून सायकलविषयक नियतकालिक सुरू केले व गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि जोडसायकली घेऊन कुटुंबे बाहेर पडली, ती साध्या रस्त्यांवरूनच. 'मोटारविरहित' या शब्दाला रस्ते मोटारींनी भरल्यावरच अर्थ प्राप्त झाला. कालवाकाठाची वाट तर त्या काळी सायकलला मोकळी नव्हती. १९३२ च्या नियमावलीनुसार तेथे परवानगीशिवाय वाहन नेता येत नसे. पुढे स्थानिक संस्थांनी करार करून देखभालीची जबाबदारी घेतली, तेव्हा या वाटा टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या.

लोहमार्गांचे तसे झाले नाही. अनेक बंद मार्गांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, रुळांची जागा शेतांत मिसळली आणि स्थानकांची घरे झाली. जेथे पट्टा सार्वजनिक मालकीत टिकला तेथेच सलग मार्ग शक्य झाला. सोन-ए-लुआर जिल्ह्यातील जिव्री ते क्ल्युनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला आणि तो फ्रान्समधील पहिला 'हरितमार्ग' मानला जातो. बोर्दोजवळून सोव्हतेरकडे जाणाऱ्या अशाच मार्गाला रॉजे लापेबी यांचे नाव आहे. १९३७ च्या ज्या 'तूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला प्रथमच मुभा मिळाली, तिचे ते विजेते. ज्याची नितांत गरज चढावर भासते त्या गिअरचा हा मानकरी, आणि त्याच्या नावाचा मार्ग आगगाडीच्या सौम्य उतारांचा! २००४ च्या आदेशाने वाहतूक संहितेत हरितमार्गाची व्याख्या आली : मोटार नसलेली वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला मार्ग.

सपाटपणा निसर्गाचा नव्हे, हे या वाटा जेथे तुटतात तेथे विशेष स्पष्ट होते. ब्रिटनीत १९२० च्या दशकात हाती घेतलेल्या गेर्लेदां धरणाने कालव्याचा एक भाग जलपाशांसह बुडविला. तेथे सायकलस्वारास कालवाकाठ सोडून जवळच्या जुन्या लोहमार्गाचा आश्रय घ्यावा लागतो. क्ल्युनीच्या दक्षिणेस ब्वा-क्लेरचा सुमारे १,६०० मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदाही हरितमार्गात समाविष्ट आहे, परंतु तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेत असल्याने तो हिवाळ्यात बंद ठेवला जातो. त्या महिन्यांत सायकलस्वाराला डोंगरावरून, एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी टाळलेल्या चढानेच, पलीकडे जावे लागते.