पॉलिथिनचा शोध आणि ‘योगायोग’ : एक पुनर्विचार

पॉलिथिनचा शोध निव्वळ योगायोगाने लागला, असे विधान रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. मूळ घटनाक्रम तपासला असता ते अपुरे ठरते.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट यांनी एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांचे मिश्रण १७० अंश सेल्सिअस तापमानास, सुमारे २००० वातावरण इतक्या दाबाखाली ठेवले. अपेक्षित अभिक्रिया घडली नाही. मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र मिळाला. पुढील प्रयत्नांत एथिलीनचे स्फोटक विघटन झाले व काम थांबविण्यात आले. योगायोग म्हणावा तर तो एवढाच. त्यातून हाती काहीच लागले नव्हते.

डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन व सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा केला. उपकरणास गळती होती, म्हणून त्यात एथिलीन पुन्हा भरावे लागले आणि सुमारे ८ ग्रॅम पॉलिथिन मिळाले. नव्या वायूत ऑक्सिजनचा अल्पांश होता, हे त्यामागील कारण पुढे शोधून काढण्यात आले. खरा शोध येथे आहे. ऑक्सिजनमुळे निर्माण झालेला मुक्त मूलक एथिलीनच्या द्विबंधातील एक बंध उघडून एका कार्बनला जोडला जातो. दुसऱ्या कार्बनवर एकाकी इलेक्ट्रॉन उरतो व तो पुढच्या रेणूवर हीच क्रिया करतो. कोणताही अणू बाहेर न पडता साखळी वाढत जाते, म्हणून हे समावेशक बहुवारिकीकरण होय. प्रत्येक जोडणीत उष्णता मुक्त होते. ऑक्सिजन कमी पडल्यास साखळी सुरूच होत नाही आणि अधिक झाल्यास स्फोट होतो. आधीच्या अपयशांचा उलगडा यातूनच होतो.

अशा प्रदीर्घ रेणूंची कल्पना हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्येच मांडली होती. समकालीनांपैकी अनेकांना ती अमान्य होती. तिच्यासाठीचे नोबेल पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये, फारच उशिरा मिळाले.

त्याच वर्षी जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल झीग्लर यांच्या प्रयोगशाळेत जवळजवळ हाच क्रम घडला. ॲल्युमिनियम संयुगांच्या साहाय्याने वाढणारी साखळी एका प्रयोगात ब्युटीनपाशीच थांबली. पात्रात राहिलेला निकेलचा अंश त्यास कारणीभूत असल्याचे उघड होताच, इतर धातूंची संयुगे पद्धतशीरपणे तपासण्यात आली. टायटॅनियम क्लोराइडने सामान्य दाबाखालीच पॉलिथिन दिले. त्याच्या साखळ्यांना फाटे अत्यल्प होते. त्यामुळे त्या एकमेकींलगत घट्ट बसतात आणि पदार्थ अधिक घन व ताठ होतो.