स्वशांतन (संवादाची अडचण असलेल्या लहान मुलांचे)

राग, भीती, थकवा किंवा गोंगाट यांमुळे बिथरलेल्या मुलाने हळूहळू आपले आपण सावरणे म्हणजे स्वशांतन. उशिरा बोलणारी, स्वमग्न, कमी ऐकू येणारी किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चार न जमणारी मुले हे कौशल्य सावकाश आणि जास्त मदतीने शिकतात. ती हट्टी असतात म्हणून नव्हे. ‘नको’, ‘दुखतंय’, ‘थांब’ हे सांगायचे साधनच त्यांच्या हाती नसते.

कोणतेही मूल शांत व्हायला एकट्याने शिकत नाही. आधी ते कुणाच्या तरी कुशीत, थोपटण्याने, संथ आवाजाने शांत होते. याला सहनियमन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई बाळासमोर काही वेळ निर्विकार चेहऱ्याने बसली. बाळाने हसून, हात पुढे करून तिला बोलते करण्याची धडपड केली आणि प्रतिसाद मिळेना तसे तोंड फिरवले. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांच्या मांडणीत याची पुढची पायरी भाषेची आहे: मूल मोठ्यांचे शब्द स्वतःशी पुटपुटते आणि पुढे तेच मनातल्या मनात वापरून स्वतःला आवरते. ज्याची शब्दांची वाट अडली आहे, त्याला खूण, चित्र, स्पर्श आणि लय यांची वाट करून द्यावी लागते. म्हणूनच ‘रडू दे, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला या मुलांच्या बाबतीत घातक आहे. गप्प झालेले मूल शांत झालेले असतेच असे नाही. ते थकलेले असू शकते.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकासात्मक अडचणी असलेल्या चार मुलांना, काम अवघड वाटले तर मदत मागायला आणि दुर्लक्ष झाले तर लक्ष वेधायला शिकवले. त्यांचे त्रासदायक वागणे कमी झाले. आकांडतांडवामागे काहीतरी मागणे असते, हे यातून ठळक झाले.

प्रत्यक्षात हे शिकवणे अगदी छोट्या प्रसंगांतून होते. डोक्यावरून पाणी घेताना मूल किंचाळत असेल, तर आई एकच तांब्या ओतते. मूल आक्रसू लागताच मागे बसलेले दुसरे कुणी त्याचा तळहात अलगद उचलून ‘थांब’ अशी खूण करवते आणि आई त्याच क्षणी थांबते. आंघोळ रद्द होत नाही. थोडे थांबून पुढचा तांब्या येतो. पुन्हा पुन्हा असे घडले, की मूल हात स्वतः उचलू लागते. आपल्या खुणेने पाणी थांबते हा अनुभव कोणत्याही समजुतीपेक्षा जास्त शांत करणारा आहे. खूण दिसूनही मोठ्यांनी पाणी ओततच राहिले, तर शिकवलेले सगळे वाया जाते.

झुलणे, हात फडफडवणे, एकसुरात गुणगुणणे ही पुष्कळदा मुलाने स्वतः शोधलेली स्वशांतनाचीच साधने असतात. लोक बघतात म्हणून ती बंद पाडणे अन्याय्य आहे. डोके आपटणे, चावून घेणे यांसारखी इजा होत असेल तेव्हाच बदली साधन द्यावे: घट्ट मिठी, आईच्या जुन्या साडीची गोधडी, चावायचे सुरक्षित खेळणे. कुकरची शिट्टी किंवा मिक्सर सहन होत नसेल, तर आधी चित्र दाखवून कल्पना द्यावी, कान झाकायला शिकवावे. घरातला एक कोपरा निवांत ठेवावा. शिक्षा म्हणून तिथे कधीही पाठवू नये. हा सगळा सराव मूल खुशीत असतानाच करायचा. रडण्याच्या भरात नवे काही शिकवले जात नाही. तेव्हा मोठ्यांनी कमी बोलावे, आवाज खाली आणावा आणि जवळ राहावे.

चित्रे वापरली तर मूल बोलणार नाही ही भीती निराधार आहे. उपलब्ध संशोधनात त्याने बोलणे मागे पडल्याचे दिसत नाही. काही मुलांचे वाढते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात घडलेले ‘जेलो’ हे चित्रांनी बोलण्याचे ॲप मराठीतही आहे. घरी काढलेले फोटो पुठ्ठ्यावर चिकटवूनही काम भागते.

एरवी शांत असलेले मूल अचानक फार रडू लागले, तर कानदुखी, दात, बद्धकोष्ठ यांची तपासणी आधी करावी, कारण दुखणे ते सांगू शकत नाही. बोलणे मागे असल्यास श्रवणचाचणी टाळू नये. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांवर काम करते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते आणि गरज असल्यास त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.