गरिबाचं स्केलिंग

धातू थंड करत गेलं की त्याचा विद्युतरोध कमी होत जातो, हे आपण सगळ्यांनी बारावीत घोकलंय. १९३४ साली हॉलंडमधल्या लायडनला दे हास, दे बूर आणि व्हॅन डेन बर्ग यांनी सोनं थंड करून पाहिलं, तर रोध आधी उतरला आणि शेवटच्या काही अंशांत चक्क वाढायला लागला!

हे कोडं तीस वर्षं पडून होतं. १९६४ मध्ये जपानच्या जून कोंडोंनी दाखवलं की गुन्हेगार सोनं नव्हे, त्यातलं किंचितसं लोखंड. लोखंडाच्या अणूला स्वतःचा स्पिन असतो. त्याच्यावर आपटताना इलेक्ट्रॉनचा आणि त्याचा, दोघांचेही स्पिन उलटू शकतात. कोंडोंनी गणित नेहमीपेक्षा एक पायरी पुढे नेलं आणि तापमान उतरेल तसा वाढणारा लॉगॅरिदम हाती आला. आलेख प्रयोगाशी झकास जुळला.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. पण शून्य तापमानाला हा लॉग अनंत होतो, म्हणजे चिमूटभर लोखंडाने रोधही अनंत! कसं शक्य आहे?

गोम त्या लॉगमध्येच आहे. (आमच्या धंद्यात लॉग म्हणजे फाईल, हा शाळेतला.) १ ते ०.१ या ऊर्जेच्या पट्ट्याचा जेवढा वाटा, तेवढाच ०.१ ते ०.०१ चा, तेवढाच त्याखालच्याचा. कुठलाच पट्टा किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

१९७० मध्ये फिलिप अँडरसन यांनी एक युक्ती काढली आणि पेपरच्या शीर्षकातच तिला 'गरीब माणसाची' म्हटलं. सगळ्यात जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन-अवस्थांची पातळशी चकती कापायची, पण त्यांचा परिणाम लोखंड आणि इलेक्ट्रॉन यांच्यातल्या जोडणीच्या आकड्यात जमा करायचा. उरलेलं गणित हुबेहूब पहिल्यासारखंच दिसतं, फक्त आकडा बदललेला. मग पुन्हा कापा. सरळसरळ लूप! दोन्ही स्पिन विरुद्ध दिशांना राहू पाहत असतील, तर हा आकडा प्रत्येक फेरीत फुगतो. पंचाईत अशी, की कापाकापीचा नियम मुळात आकडा लहान आहे असं धरूनच काढलेला. म्हणजे दिशा कळली, मुक्काम नाही.

तो गाठला कॉर्नेलच्या केनेथ विल्सन यांनी, १९७५ मध्ये, कॉम्प्युटरवर. (मी प्रोग्रामर, तेव्हा पक्षपात मान्य!) त्यांनी ऊर्जेचे पट्टे पटीत पाडले आणि त्यांची साखळी केली, पुढची प्रत्येक कडी आधीच्यापेक्षा सैल. एकेक कडी जोडायची, गणित सोडवायचं, खालच्या ऊर्जेच्या अवस्था ठेवायच्या, बाकीच्या टाकायच्या. आकडा लहान असण्याची अट इथे नाहीच. उत्तर आलं: तळाशी पोचेपर्यंत इलेक्ट्रॉन लोखंडाचा स्पिन पुरता झाकून टाकतात आणि रोध एका मर्यादित किमतीवर स्थिरावतो.

१९८० मध्ये नातान आंद्रेई आणि पावेल विगमान यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हाच प्रश्न कागदावर तंतोतंत सोडवला. त्या वाटेने पुढे निघालेला एक ठरावीक आकडा विल्सनच्या प्रोग्रामने आधीच जवळपास अचूक दिला होता: ०.४१२८.