पाठ फिरवून बसलेले वादक

हैदराबादच्या मलकपेठेत माझी एक मावशी राहते. मध्यंतरी खात्याच्या प्रशिक्षणासाठी तिकडे जाणं झालं, तेव्हा मी तिच्याचकडे मुक्काम ठोकला. मलकपेठेत पाहण्यासारखं काय, तर जवळच मूसारामबागेच्या टेकडीवर रेमाँ या फ्रेंच सेनानीची कबर. निजाम अली खानाच्या पदरी मोठी फौज उभी करणारा हा माणूस मार्च १७९८ मध्ये वारला. 'मस्यँ रेमाँ'चं हिंदूंनी मूसाराम केलं आणि मुसलमानांनी मूसा रहीम! त्याच्या पुण्यतिथीला निजामाकडून कबरीवर चिरूटांची पेटी आणि बिअरची बाटली पाठवली जाई, असं सांगतात. ही हैदराबादी अदब मला भलतीच आवडली.

संध्याकाळी घरी हे सांगत होतो, तेव्हा बिअरवरून विषय निघाला डब्लिनचा. मावसभाऊ तिथे नोकरीनिमित्त तीन वर्षं काढून आलाय. त्याने एका पबात टिपलेली चित्रफीत दाखवली. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसं. दोन व्हायोलिनं, एक बासरी, एक कॉन्सर्टिना, एक मांडीवर उभा धरलेला डफ. रंगमंच नाही, माइक नाही, निवेदक तर नाहीच. गिऱ्हाइकांकडे चक्क पाठ. भाऊ म्हणाला, "दर मंगळवारी हेच. आपण ऐकलं काय, न ऐकलं काय, त्यांना सोयरसुतक नाही." मावशी चष्मा सावरून बघत होती. लग्न होऊन फोंड्याहून तिकडे गेली त्याला आता पन्नास वर्षं होतील. ती पटकन म्हणाली, "अरे, हे तर चवथीच्या आरतीला बसल्यासारखे बसलेत!"

मावशीच्या या एका वाक्यामुळे परत आल्यावर मी या प्रकाराचा इतिहास वाचत सुटलो.

या बैठकीला तिकडे 'सेशन' म्हणतात. आपली समजूत अशी की आयरिश माणूस, दारूचा गुत्ता आणि व्हायोलिन हे त्रिकूट अनादि काळापासूनचं असणार. तसं अजिबात नाही. आयर्लंडच्या खेड्यांत हे संगीत स्वयंपाकघरात वाजायचं. चुलीपाशी वादक, मधल्या जागेत नाच. उन्हाळ्यात चव्हाट्यावर. ते होतंच मुळी नाचण्यासाठी. पुढे १९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. सार्वजनिक नाचासाठी न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा, असं तो सांगत होता. खासगी घरांबद्दल त्यात काही नव्हतं. पण पाद्री आणि पोलीस यांनी मिळून तो घरगुती नाचांवरही चालवला. (कायद्यात नसलेलं कलम खालच्या पातळीवर कसं लागू होतं, हे आम्हा कारकुनांना कुणी शिकवायला नको.) स्वयंपाकघरं हळूहळू मुकी झाली.

पण त्याआधीच निम्मं संगीत देशाबाहेर पडलं होतं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. कॉर्क परगण्यातला फ्रान्सिस ओनील शिकागोत पोलिसात भरती झाला, १९०१ ते १९०५ तिथला पोलीसप्रमुख होता आणि हाताखालच्या आयरिश शिपायांकडून तो चाली गोळा करत राहिला. १९०३ साली त्याने छापलेल्या ग्रंथात १८५० चाली आहेत. स्लायगोचा व्हायोलिनवादक मायकेल कोलमन याच्या तबकड्या १९२० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये निघाल्या आणि बोटीने मायदेशी आल्या. आपलंच संगीत अमेरिकेहून आलं म्हटल्यावर गावातली पोरं ते कान देऊन ऐकू लागली. हे मात्र आपल्याकडच्यासारखंच!

आणि सेशन? ते जन्मलं लंडनमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर पडझड झालेलं ते शहर उभारायला हजारो आयरिश मजूर गेले. भाड्याची खोली एवढीशी, तीत वाद्य वाजवलं तर घरमालकीण दारात उभी. कॅम्डन आणि केंटिश टाउन भागातल्या पबांत १९४६-४७ च्या सुमारास हे लोक वाद्यं घेऊन बसू लागले. क्लेअरचा, स्लायगोचा, केरीचा वादक एरवी एकमेकांना भेटला नसता, तो इथे एका टेबलाला आला. नाचायला जागा नव्हती, म्हणून नाचाचं संगीत बसून ऐकण्याचं झालं. मुंबईत आमच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांचे गावोगावचे 'कूड' होते, ते मला इथे आठवले. बोट मिळेपर्यंत गावची माणसं तिथे एकत्र राहायची, प्रार्थना म्हणायची, गायची. आयर्लंडात १९५१ मध्ये मलिंगार इथे या संगीतासाठी 'कोल्तस' ही संस्था निघाली, तिचे मेळे भरू लागले, आणि १९६२ मध्ये डब्लिनच्या ओडॉनहूज पबातून 'द डब्लिनर्स' हा गट पुढे आला. मग पबातलं संगीत म्हणजेच आयरिश संगीत, असं जगाने ठरवून टाकलं.

यात गमावलंही बरंच. क्लेअर परगण्यात कॉन्सर्टिना हे मुख्यतः बायकांचं वाद्य. स्वयंपाकघर त्यांचं होतं, पब त्यांचा नव्हता. साठच्या दशकापर्यंत कित्येक पबांत बाईला आत घेतच नसत किंवा एका बंद कप्प्यात बसवत. किलरशच्या मिसेस क्रॉटी (१८८५-१९६०) कॉन्सर्टिनावादक म्हणून गाजल्या, पण पब त्यांच्या स्वतःच्या घरचाच होता! पबाचे गोडवे गाणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

सेशनची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. समोर कागद ठेवायचा नाही. आठ मात्रागटांचा एक भाग दोनदा, मग दुसरा दोनदा, अशी चाल दोन-तीन वेळा फिरली की न थांबता पुढची. येत नसेल त्याने गप्प ऐकायचं आणि घरी जाऊन बसवायचं. डफ, म्हणजे 'बाउरान', एका वेळी एकच. काही पब एखाद-दुसऱ्या मुख्य वादकाला पैसे देतात, बाकीच्यांना एखादा ग्लास, कधी तोही नाही. गिऱ्हाइकासाठी चाल बदलायची वेळच येत नाही, म्हणून शेकडो चाली चलनात राहतात.

आता आमच्या पणजीकडे येतो. दर संध्याकाळी मांडवीवर पर्यटकांच्या बोटी सुटतात. वर बार, समोर मंच. तासाभरात देखणी, फुगडी, कुणबी नाच आणि पोर्तुगीज कोरिदिन्यो उरकतात. आमचे लोकवादक नेमाने वाजवतात ती जागा हीच, आणि पिणारं गिऱ्हाईकही समोर आहे. कार्लुस युजेनियो फेरेरा (१८६०-१९३२) यांची ती प्रसिद्ध देखणी इथे हटकून होते. 'बॉबी' (१९७३) चित्रपटामुळे ती सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्या गाण्यातली कलावंतीण दामूच्या लग्नाला जायचंय म्हणून नावाड्याची विनवणी करते, मला नदीपार ने. बोट मात्र पलतडीला जात नाही. सुटली त्याच धक्क्याला येऊन लागते. मी वादकांना दोष देत नाही. त्यांना घर चालवायचं आहे आणि बोट रोज मानधन देते. पण समोरचा माणूस रोज नवा, म्हणून गाणी रोज तीच. मांडो आणि दुलपदं भाटकारांच्या घरांतल्या 'सालां'त व्हायोलिन-घुमटावर रंगायची, तेव्हा ऐकणाराच पुढच्या ओळीला गाणारा होता. दुलपदाचा सहा मात्रांचा ठेका आणि आयरिश 'जिग'चा ठेका सख्खे भाऊ वाटावेत इतके जवळचे. पण तिकडे जिग शिकायला पोरगं टेबलाशी खुर्ची ओढून बसतं. बोटीच्या मंचावर कोण खुर्ची ओढणार?

मावशी म्हणाली ते खरं आहे. आमचं सेशन चवथीला असतं. माटोळीखाली गणपतीपुढे घुमट, शामेळ, कांसाळें घेऊन मंडळी दाटीवाटीने बसतात. एकमेकांच्या हातांकडे बघत ठेका चढवतात. मागे उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा मांडीवर बोटं आपटत असतो. पुढच्या वर्षी त्याच्या हातात घुमट येतं. हल्ली बायकांचीही घुमट-आरती पथकं निघाली आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. काळजी वाटते ती स्पर्धांची. मंडप, घड्याळ, गुणपत्रिका आणि परीक्षकांकडे तोंड करून ओळीने बसलेली एकसारख्या कुडत्यांतली पथकं. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी यंदा घरच्या आरतीतही तशीच ओळ धरली होती. म्हाताऱ्या घुमटकाराने त्यांना उठवलं आणि पुन्हा गोल बसवलं.

घुमटाला २०१९ मध्ये राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गेलं, आता बकरीचं चढवतात. तो आवाज येत नाही, असं जुने लोक कुरकुरतात. गंमत म्हणजे आयर्लंडच्या त्या बाउरानलाही बकरीचंच कातडं. तिथेही पाऊस, इथेही चवथीचा पाऊस. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग दोन आरत्यांच्या मधे कुणीतरी उठून घुमट शेकायला चुलीशी घेऊन जातो.