हेडसेटच्या आधी: अजिंठ्याची जोडचित्रं, जळालेल्या नकला आणि अंबाजोगाईचे खांब

व्हर्च्युअल रिअॅलिटीवर कुणी सिनॉप्सिस लिहायला घेतलं की पहिल्या पानावर १९६८ हे साल हमखास येतं. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा बनवला. तो इतका जड होता की छतापासून आधार द्यावा लागायचा. तिथून थेट उडी २०१२च्या ऑक्युलसवर आणि मग ‘शिक्षणातील उपयोग’ हे प्रकरण. माहिती चूक नाही. पण हा इतिहास कंपन्यांच्या जाहिरातीतून आलेला आहे, त्यामुळे त्यात फक्त जन्म असतात. कुठलं यंत्र कधी बंद पडलं, काय जळालं, कुणी बिल भरलं नाही, हे त्यात नसतं. तुम्ही मराठवाड्यात बसून हा विषय घेणार असाल, तर सुरुवात करायला आपल्या शेजारीच १६० वर्षं जुनी जागा आहे.

रॉबर्ट गिल हे नाव तुम्हाला माहीत असेल, बहुधा पारोमुळे. ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि २०१२चा चित्रपट यांनी ती गोष्ट घरोघर नेली. मला मात्र गिलचं वेगळंच काम महत्त्वाचं वाटतं. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. इथपर्यंत सगळे सांगतात.

पण दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या वर्णनांसह त्याची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. त्यातल्या एकात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग यांची शंभर ‘स्टिरिओस्कोपिक’ चित्रं होती. स्टिरिओस्कोप म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं दृश्य दिसतं आणि मेंदू ती दोन्ही जुळवून खोली तयार करतो. मग एकाच जागेचे दोन किंचित सरकवलेले फोटो शेजारी ठेवले आणि भिंगांतून प्रत्येक डोळ्याला एकेकच दाखवला, तर कागदावरचा खांब पुढे येतो आणि मागचा अंधार मागे जातो. आजच्या हेडसेटमध्येही हेच तत्त्व आहे. त्यात भर पडली ती एकाच मोठ्या गोष्टीची: मान वळवली की दृश्यही वळतं.

एक गंमत इथे टिपून ठेवा. चार्ल्स व्हीटस्टननं हे तत्त्व १८३८मध्ये मांडलं. फोटोग्राफी जाहीर झाली १८३९मध्ये. म्हणजे खोलीचा आभास आधी आला, तोही हातानं काढलेल्या आकृत्यांवर. ‘तंत्रज्ञान आलं, म्हणून गरज निर्माण झाली’ असं सरळ वाक्य लिहिताना हात थोडा आखडता घ्या.

लेणं या प्रकाराला स्टिरिओस्कोप फार चांगला लागू पडतो. वेरूळच्या कैलासाचा साधा फोटो चपटा दिसतो, कारण तिथं सगळी मजा कोरून काढलेल्या रिकामेपणाची आहे. लंडनच्या दिवाणखान्यात बसून कुणीतरी निजामाच्या मुलखातल्या दगडी अंधारात डोकावत होतं. त्याला तिथलं ऊन लागत नव्हतं, मधमाश्या चावत नव्हत्या आणि दिसत होतं ते गिलनं कॅमेरा जिथं रोवला तिथूनच. ‘तिथं जाऊन आल्यासारखं वाटतं’ हे जे वाक्य आज प्रत्येक व्हीआर प्रकल्पाच्या प्रस्तावात असतं, त्यात ‘कुणाच्या जागेवरून’ हे शब्द गाळलेले असतात. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक त्या गाळलेल्या शब्दांतच सापडेल.

गिलच्या नकला जळाल्यावर काय झालं? पुन्हा नकला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून पुढची बरीच वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात राबले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यात तयार झाले. ती चित्रंही लंडनला गेली आणि १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतली बरीच गेली. दोन पिढ्या, दोन आगी. मूळ चित्रं मात्र इथं डोंगरात, वटवाघळं आणि ओल सोसत, होती तिथंच होती.

तिसरी नकल आपल्या डोळ्यांदेखतची. जपानच्या कर्जातून अजिंठ्याजवळ पर्यटक केंद्र उभं राहिलं आणि २०१३मध्ये उघडलं. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती त्यात केल्या. कल्पना उत्तम होती: गर्दी प्रतिकृतीत थांबावी, मूळ चित्रांवरचा श्वासाचा आणि घामाचा भार कमी व्हावा. काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. या वेळी आग लागली नाही, मीटर कापलं गेलं!

हे फक्त सरकारी कामाचं दुखणं आहे असं समजू नका. गुगलनं २०१४मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, २०१५मध्ये शाळांसाठी एक्स्पिडिशन्स सुरू केलं, बसल्या जागी पिरॅमिड आणि समुद्रतळ. जून २०२१मध्ये ते अॅप बंद झालं. पुठ्ठा कपाटात राहिला, जागा गेल्या. आभासी जागेला भिंती नसतात, पण तिला भाडं असतं आणि ते दर महिन्याला कुणीतरी भरावं लागतं.

कामाच्या बाजूचा इतिहास थोडा वेगळा आहे, तो इथं उरकतो. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हा शब्द १९९०च्या सुमारास बोइंगमधल्या टॉम कॉडेल यांनी रूढ केला. विमानातल्या तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर जुळवणाऱ्या कामगाराला नकाशा बघायला मान वळवावी लागू नये, तो फळीवरच दिसावा, एवढीच मूळ गरज होती. तिथं आभास खऱ्या वस्तूला चिकटलेला होता. चूक झाली तर तार चुकीच्या जागी जाणार आणि ते लगेच कळणार. वारशाच्या बाबतीत असं लगेच कळत नाही. म्हणून अंबाजोगाईकडे या.

अंबाजोगाईचं सकलेश्वर मंदिर, लोकांच्या तोंडी बाराखांबी, शिलालेखामुळे तेराव्या शतकातलं, यादव सिंघणाच्या काळातलं ठरतं. उरलाय तो खांबांचा मंडप, शिखर नाही. अलीकडे राज्य पुरातत्त्व विभागानं आवारात उत्खनन केलं तेव्हा आणखी बांधकामाचे पाये उघडे पडले. उद्या कुणीतरी मोबाइल समोर धरला की पूर्ण मंदिर उभं राहील असं एआर अॅप करणार, यात मला शंका नाही. करावंही. पण त्या शिखराचा आकार कुठून येणार? दुसऱ्या एखाद्या यादवकालीन मंदिरावरून. म्हणजे पायापर्यंत पुरावा आणि वर अंदाज, पडद्यावर मात्र दोन्हींचा दगड एकाच रंगाचा. सहलीला आलेली आठवीतली मुलगी ते एकदा बघेल आणि तिच्या डोक्यात बाराखांबीचं शिखर कायमचं बसेल.

यावर उपाय शोधून झालेला आहे, फक्त आपल्याकडे वापरला जात नाही. २००६मध्ये सुरू झालेली आणि २००९मध्ये सुधारलेली ‘लंडन सनद’ सांगते की वारशाचं संगणकीय चित्र करताना घडणीची नोंदही जपा: कोणता भाग मोजून घेतला, कोणता तुलनेनं ठरवला, कोणते पर्याय बाजूला ठेवले आणि का. या नोंदीला ‘पॅराडेटा’ म्हणतात. तुमच्या प्रबंधात थ्रीडी मॉडेल असेल, तर ही नोंद परिशिष्टात टाकू नका, तिला प्रकरण द्या. गिलच्या कॅनव्हासांबद्दल आज आपण बोलू शकतो ते पत्रव्यवहार, छायाचित्रं आणि छापील वर्णनं उरली म्हणून.

शिक्षणावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जरा कडू. बीडमध्ये ‘विद्यार्थ्याला जागेवर बसवून जग दाखवू’ असं लिहिताना विद्यार्थी जागेवर असतो का, हे आधी बघा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कोयत्याबरोबर लेकरंही फडावर जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबांकडे राहणारी मुलं आहेत, तरी साखर कारखान्यांचा हंगाम आणि शाळेचं सत्र एकमेकांवर आदळतात ते आदळतातच. हेडसेटच्या परिणामाचा अभ्यास नोव्हेंबरात केला की जूनमध्ये, यावर तुमचा नमुना बदलेल. पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात महिना लिहाच.

आता कामाचं. देखभालीचा इतिहास हवा असेल तर उद्घाटनाची बातमी शोधत बसू नका, वार्षिक देखभाल करार, वीजजोडणीची फाइल, साठा नोंदवही यांची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज हे आपल्या विषयातलं संशोधनाचं साधन आहे. आणि जुने संदर्भ शोधताना अंबाजोगाई हे नाव टाकून काहीच हाती आलं नाही तर थांबू नका. निजामाच्या काळात गाव मोमिनाबाद होतं आणि बीड इंग्रजी कागदांत बऱ्याचदा ‘भीर’ म्हणून येतं. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८०च्या लेण्यांवरच्या ग्रंथात आपली हत्तीखान्याची लेणी मोमिनाबादच्या नावानं भेटतात. ती पानं वाचा, मग प्रत्यक्ष जा, अंगणातल्या दगडी हत्तींजवळ उभे राहा आणि बर्जेसच्या वर्णनातलं काय आज जागेवर नाही, याची यादी करा. पहिला तक्ता तिथंच तयार होतो.