घरी न्यायच्या पाकिटाचा इतिहास

सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून घरी न्यायला खाऊचं पाकीट मिळतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते पाकीट बनवायचं कुणी, यावरून झालेलं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ते लढणाऱ्यांत आपल्यासारखेच बचत गट होते.

अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षं आहार मिळाला तर मिळाला, नाही तर नाही. विचारायचं कुणाला? मग 2001 साली राजस्थानात दुष्काळ पडला. सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आणि माणसं उपाशी. तेव्हा पीयूसीएल या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला न्यायालयानं सांगितलं की या आहार योजना लोकांचा हक्क आहेत. दुसऱ्या वर्षी देखरेखीसाठी आयुक्तही नेमले. उपाशी माणसाची तक्रार ऐकायला तेव्हा कुठे एक दार उघडलं.

आपल्या कामाचा आदेश आहे 7 ऑक्टोबर 2004 चा. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको. गावातल्या लोकांना, बचत गटांना, महिला मंडळांना प्राधान्य द्या, असं त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांवर लवकर अंगणवाड्या काढा, हेही त्यातच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या खिचडीसाठी स्वयंपाकीण नेमताना दलित बायांना प्राधान्य द्या असा आदेश झाला होता. तिच्या हातचं खाऊ नका म्हणून लेकरांना घरी नेणारे आईबाप आपण पाहिले आहेत. खरं तर अस्पृश्यता पाळणं हा 1955 च्या कायद्यानंच गुन्हा आहे. 1976 साली त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळालं. त्याची तक्रार पोलिस ठाण्यात देता येते.

ठेकेदार नको म्हटल्यावर ठेकेदार गेले का? आपल्या महाराष्ट्रात पाटी महिला मंडळाची आणि मागे यंत्रं कंपनीची, असं चाललं असल्याचं न्यायालयाच्या आयुक्तांनीच अहवालात लिहिलं. पुढे 2016 ची निविदा निघाली. अटी अशा की लहान गटाला आत पाऊलच टाकता येऊ नये. काही गट उच्च न्यायालयात गेले, तिथून दिल्लीला गेले. 2019 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं ते ठेके रद्द केले. अटी बड्या पुरवठादारांच्या सोयीच्या झाल्या, असं म्हणून चार आठवड्यांत नव्यानं निविदा काढायला सांगितलं. ते ठेके सुमारे 6,300 कोटी रुपयांचे होते, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. खटला ज्या नावानं ओळखला जातो ते एका महिला बचत गटाचं नाव आहे, वैष्णोराणी.

आम्ही हे सांगतो तेव्हा बाया म्हणतात, ताई, दिल्लीला जायला भाडं कुठलं? खरंय. आमच्याही गटांनी एकदा पुरवठ्याची चौकशी केली होती. उलाढालीचा आकडा ऐकून आम्ही चहा न घेताच उठलो. कुणी हाकललं नव्हतं, पण कागद मागायचं आम्हालाही सुचलं नाही. ही चूक आमची.

आता अन्न सुरक्षा कायदा 2013 पासून आहे. आहार मिळाला नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वर राज्य अन्न आयोग आहे. निविदेच्या अटी आणि कुणाला काम मिळालं हे माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं. अर्ज तोंडी नको. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

यंदा आमच्या ग्रामसंघानं असा एक अर्ज दिलाय. पोच गटाच्या पेटीत, ठराव वहीच्या आत ठेवली आहे.