तारेचा सूर आणि शिकणारा हात

आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधांतील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयीं आहे. परमार्थाच्या ग्रंथांत बरू, शाई आणि कागद यांच्या तयारीचा, अक्षराच्या वळणाचा आणि पानाभोंवतीं सोडावयाच्या जागेचा विचार आलेला पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. परंतु त्यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. हाताची विद्या हलकी नव्हे, आणि ती उघड करून सांगितल्यावांचून टिकत नाहीं, हें समर्थांनीं ओळखलें होतें. एका अगदीं निराळ्या विद्येचा इतिहास चाळतांना हीच गोष्ट पुन्हां पुन्हां प्रत्ययास येते. ती विद्या म्हणजे विजेवर वाजणाऱ्या गिटारीची आणि तिच्या ध्वनिवर्धकाची जुळणी होय.

जालना शहर आज लोखंडी सळयांचे कारखाने आणि शेतीचें बियाणें यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें असा ध्वनिवर्धक स्वतःच्या हातांनीं बांधावयाचें मनांत आणलें, तर घरचीं वडील माणसें प्रथम हेंच विचारतील कीं, ‘बाबा रे, हें शिकवितात कोणत्या शाळेंत? आणि शिकून पुढें करणार काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. ज्यांनीं हें यंत्र प्रथम बांधलें, त्यांच्यासाठींही त्याची शाळा कोणी काढून ठेवलेली नव्हती. बिघडलेली वस्तु उघडावी, ती पुन्हां चालती करावी, आणि दुरुस्त करतां करतां नवी करावयास शिकावें, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

महाराष्ट्राला हा क्रम अपरिचित नाहीं. मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार हे शस्त्रांना धार देणाऱ्या घराण्यांतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरज संस्थानचे अधिपति बाळासाहेब पटवर्धन यांच्या पदरीं गाण्याचा मोठा व्यासंग होता. पण तंबोरा बिघडला तर तो नीट करणारा माणूस जवळपास मिळेना. तें काम फरीदसाहेबांकडे आलें. मोडकीं वाद्यें जोडतां जोडतां ते नवीं वाद्यें घडवूं लागले, आणि तरवारीची परंपरा सांगणारें घराणें तंबोऱ्याचें घराणें झालें. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें मूळ असें एका दुरुस्तींत आहे.

तंबोऱ्याचा आवाज घुमतो तो भोपळ्यामुळें. नुसती तार छेडली तर ती हवेला फारशी हलवूं शकत नाहीं. म्हणून आपल्या कारागिरांनीं भोपळा जोडला आणि सतारीला तरफा दिल्या. गिटारीला लांकडी पेटी असते. परंतु १९१५ सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेंत हवाईयन गिटारीचें वेड पसरलें, आणि मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढें त्या बिचाऱ्या पेटीचें कांहीं चालेना. जॉर्ज बोशॅम्प नांवाच्या वादकाला ही उणीव फार बोंचत असे. प्रथम धातूचे शंकु बसविलेल्या गिटारीच्या खटपटींत तो होता. पुढें त्यानें विजेच्या विद्येचे रात्रीचे वर्ग धरले, ग्रामोफोनची सुई बसविलेला भाग सोडवून पाहिला, आणि घरगुती यंत्राच्या मोटरवर बारीक तारेचीं वेटोळीं गुंडाळून प्रयोग चालविले. १९३१ सालीं त्याची खटपट यशस्वी झाली. हत्यारें घडविणारे ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साह्यानें पुढील वर्षीं ती गिटार बाजारांत आली. लांब दांडा आणि वाटोळें अंग यांमुळें लोकांनीं तिला ‘तळणीचा तवा’ असें नांव दिलें. एकस्वाचा हक्क मात्र १९३७ पर्यंत मिळाला नाहीं.

या युक्तीचें मर्म साधें आहे. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें कीं, चुंबकाचें क्षेत्र बदललें कीं जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. गिटारीच्या पोलादी तारेखालीं चुंबक आणि त्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे ठेवले, कीं तार हलतांच क्षेत्र हलतें आणि वेढ्यांतून सुराच्या लहरीसारखीच विजेची लहर निघते. यालाच वादक पिकअप म्हणतात. तेथून ती लहर दोन फिरत्या गुंड्यांकडे जाते. पहिली गुंडी लहरीचा कांहीं अंश जमिनीच्या तारेकडे वळवून आवाज कमी करते. दुसरी गुंडी एका लहानशा कंडेन्सरच्या द्वारें उंच स्वरांचा तीक्ष्णपणा तेवढा काढून घेते. गिटारीच्या पोटांतली जुळणी एवढीच. परंतु एक डाख कच्चा राहिला किंवा जमिनीची तार सुटली, कीं सुराऐवजीं घरांतल्या विजेची घरघर ऐकूं येते. ही घरघर मारण्यासाठीं सेथ लव्हर या तंत्रज्ञानें १९५५ सालीं दोन वेटोळीं उलटसुलट जोडून एकाची घरघर दुसऱ्याकडून छेदण्याची युक्ति काढली. हाही गृहस्थ रेडिओच्या दुरुस्तींतूनच पुढें आलेला होता.

पिकअपमधून निघणारी लहर इतकी क्षीण असते कीं, तिनें कर्णा वाजत नाहीं. तिला बळ देतो तो ध्वनिवर्धक. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यानें कांचेच्या निर्वात नळींत एक जाळी बसविली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहणारा मोठा प्रवाह त्या जाळीवरील लहानशा लहरीच्या हुकमतींत चालतो; पाटाचें दार जसें एका हातानें हलवावें आणि सगळें पाणी त्याप्रमाणें कमीजास्त व्हावें, तसेंच हें आहे. हाच व्हॉल्व्ह होय. रेडिओ, बोलपट आणि सभेंतील कर्णे या तिघांचाही संसार पुढें त्यानेंच उभा केला.

गिटारीच्या ध्वनिवर्धकाला रूप देणारा माणूस लिओ फेंडर. याचा जन्म १९०९ सालचा, कॅलिफोर्नियांतील एका शेतकरी कुटुंबांतला. लहानपणींच त्याचा एक डोळा गेला. मोटारींच्या विजेचें काम करणाऱ्या त्याच्या चुलत्यानें एकदां जुन्या रेडिओच्या भागांची पेटी त्याला पाठविली, आणि तीच त्याची शाळा झाली. कॉलेजांत तो जमाखर्च शिकला, हिशेबनिसाची नोकरीही केली. मंदीच्या लाटेंत ती नोकरी गेली. तेव्हां १९३८ सालीं सहाशें डॉलर कर्ज काढून त्यानें फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्तीचें दुकान घातलें. वादक मंडळी आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन येत. तो ते उघडी, कोणता भाग वारंवार मरतो हें टिपून ठेवी, आणि स्वतः बांधतांना तो दोष टाळी. व्हॉल्व्ह करणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत जुळणीचे नमुने छापीत असत. फेंडरच्या पहिल्या ध्वनिवर्धकांवर त्या नमुन्यांची छाप स्पष्ट दिसते. १९४६ पासून स्वतःच्या नांवानें आणि १९५० नंतर सपाट लांकडी गिटारींमुळें त्याची कीर्ति जगभर झाली. गंमत अशी कीं, या माणसाला गिटार मुळींच वाजवितां येत नसे. १९६५ सालीं त्याची कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरांना विकली गेली.

आपल्याकडे ही विद्या गिटारीच्या आधीं सभेच्या मांडवांत आली. सिंधमधील सक्कर येथें १९०९ सालीं ज्ञानचंद मोटवाने यांनीं सुरू केलेला व्यवसाय पुढें मुंबईस येऊन स्थिरावला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नांवानें घराघरांत पोंचला. नांव अमेरिकन, धंदा मात्र अस्सल देशी. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या काळापासून गांधीजींचा आणि नेहरूंचा आवाज दूरवर बसलेल्या शेतकऱ्याच्या कानीं पडला, तो या कंपनीच्या कर्ण्यांतून. १९४२ च्या ऑगस्टमध्यें उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटरवर बोलणारें तें केंद्र जागा बदलीत १२ नोव्हेंबरपर्यंत टिकलें. त्या खटल्यांत नानिक मोटवाने यांनाही अटक झाली, आणि पुढें न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. त्या दिवसांत डाख देणारा हात किती मोलाचा असतो, हें मुंबईनें प्रत्यक्ष पाहिलें. स्वातंत्र्यानंतर त्याच मुंबईंत लखनौचे व्हॅन शिपले यांनीं विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजविल्या, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत पोंचल्या.

इंग्लंडांतील कथाही याच मासल्याची आहे. १९६२ सालीं लंडनच्या पश्चिम भागांत जिम मार्शल या ड्रमवादकाचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकन ध्वनिवर्धक फार महाग, म्हणून गिऱ्हाइकें हळहळत. दुकानांतील दुरुस्तीकार केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनींत उमेदवारी करणारा अवघा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनीं फेंडरच्या एका ध्वनिवर्धकाची जुळणी समोर ठेवून, इंग्लंडांत मिळणारे भाग घालून नवा ध्वनिवर्धक बांधला. भाग निराळे, म्हणून आवाजही निराळा आला. आणि तो आवाज एका पिढीचा आवाज ठरला. नक्कल करतांना समजून केली तर तिच्यांतून नवें निपजतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

१९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि घरच्या रेडिओंतून व्हॉल्व्ह हळूहळू नाहींसा झाला. गिटारीच्या ध्वनिवर्धकांत मात्र तो आजही टिकून आहे. त्याच्यावर शक्तीबाहेर भार टाकला तर आवाज फाटतो खरा, पण तो हळुवारपणें फाटतो, आणि कानाला तें गोड लागतें. रेडिओच्या कारागिराला जो दोष वाटे, तोच येथें गुण झाला.

म्हणून जालन्याच्या विद्यार्थ्यानें आज ही विद्या घेतली, तर तो मृत विद्या शिकत नाहीं. प्रथम गिटारीच्या पोटांतली जुळणी हातीं घ्यावी; तेथील वीज इतकी अल्प असते कीं, चूक झाली तरी इजा होत नाहीं. नंतर बॅटरीवर चालणारा लहान ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक बांधावा. व्हॉल्व्हकडे शेवटीं वळावें, आणि तेंही जाणत्या माणसाच्या देखत. कारण व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद करून तार काढली तरी कंडेन्सरमध्यें तो कांहीं काळ दबा धरून बसतो. योग्य रोधातून तो उतरविल्यावांचून आणि मापकावर शून्य पाहिल्यावांचून आंत बोट घालूं नये, हा या विद्येचा पहिला धडा होय. दुसरा धडा जमिनीच्या तारेचा. गिटारीच्या तारा त्या तारेस जोडलेल्या असतात. ती जोडणी सदोष असली तर धोका बांधणाऱ्यापुरता राहत नाहीं, वाजविणाऱ्याच्या हातापर्यंत पोंचतो. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्झी येथें लेस हार्वे हा तरुण वादक भर कार्यक्रमांत जमिनीशीं न जोडलेल्या मायक्रोफोनला ओल्या हातानें शिवला आणि जागीं गतप्राण झाला. एका तारेच्या हयगयीनें एक जीव गेला. ज्याला ही तार काळजीपूर्वक जोडतां येते, तोच खरा कारागीर.

आतां राहिला वडील माणसांचा दुसरा प्रश्न, शिकून पुढें काय? फरीदसाहेब, फेंडर, क्रेव्हन यांच्यापैकीं कोणालाही आरंभीं याचें उत्तर ठाऊक नव्हतें. त्यांच्यासमोर एक बिघडलेली अथवा महाग वस्तु होती, ती उघडण्याचें धैर्य होतें, आणि कोणीतरी छापून किंवा सांगून ठेवलेली माहिती होती. आज पुष्कळ वस्तु न उघडण्यासाठींच बनविलेल्या असतात. बिघडली कीं टाकून द्यावी, हीच रीत पडली आहे. अशा काळांत एखादें मूल पेचकस घेऊन झांकण उघडूं पाहत असेल, तर त्याला दटावण्यापूर्वीं घरच्यांनीं क्षणभर थांबावें. शेजारीं एखादा जाणता दुरुस्तीकार असेल तर त्याच्याकडे त्याला पाठवावें, आणि शिकलेलें सारें वहींत नीट लिहून ठेवण्यास सांगावें. जांबच्या समर्थांनीं लेखनाचा समास लिहिला तो याचसाठीं. एका हाताला आलेली विद्या दुसऱ्या हाताला पोंचली पाहिजे.